फिरकीभोवतीच्या पेन्सिलखुणा

मी एक जुना व्हॉल्यूम आहे. हसू नका, मित्रांनो. रेडिओचा कान पिळायला जी गोल फिरकी असायची ना, तिच्या मागे पत्र्याच्या डबीत बसून जो खरं काम करायचा, तो मी. फिरकीला सगळे ओळखतात, मला कुणीच नाही. दुकानदार मला व्हॉल्यूम म्हणतात. पुस्तकात माझं नाव पोटेन्शिओमीटर असं लांबलचक आहे, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही.

माझ्या पोटात घोड्याच्या नालेसारखा वळवलेला कोळशाचा पट्टा आहे आणि त्यावरून सरकणारा एक छोटा पितळी हात. मला उजवीकडे फिरवलं की वीज मोकळी होते, डावीकडे फिरवलं की अडते. एवढंच माझं शिक्षण. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला दोनदा फिरवून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, लोण्यासारखा फिरतो." ते माझं पहिलं कौतुक. त्या कौतुकावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

मग मी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आलो. दुकानाच्या मालकांना सगळे रेडिओवाले म्हणत. त्यांनी मला स्वतःच्या मोठ्या रेडिओत बसवलं, आणि तिथे मी काय पराक्रम गाजवले म्हणता! एकदा सामन्याच्या दिवशी त्यांनी मला टोकापर्यंत फिरवलं, तर समोरच्या बेकरीतले पाव भट्टीत जायच्या आधीच फुगले. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याच्या दुकानात चष्मे एकमेकांच्या नाकावर जाऊन बसले. खोटं वाटतं? बेकरीवाल्याला विचारा. तो गाव सोडून गेला, म्हणून तर मी इतक्या धीटपणे सांगतोय.

एक गोष्ट मात्र खरी आहे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी शिवणकाम करायची. एके दिवशी ती जिना उतरून तरातरा खाली आली आणि म्हणाली, "अहो, तो तुमचा रेडिओ जरा हळू करता का? माझी शिलाई वाकडी जातेय."

रेडिओवाल्यांनी मला हळू केलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोठं केलं. ती पुन्हा खाली आली. असं सहा महिने चाललं आणि मग त्यांचं लग्न झालं. म्हणजे ते लग्न कुणी जमवलं? मी. पण अक्षता टाकताना माझी आठवण कुणाला झाली नाही.

पुढे रेडिओ मोडीत गेला, दुकान बंद झालं. रेडिओवाल्यांनी मला काढून एका डब्यात ठेवलं आणि घरी आणलं. घरी त्यांची लेक मोठी झाली होती. तिलाही बापाचाच किडा चावलेला. बाहेरच्या खोलीत दोघांची दोन टेबलं समोरासमोर होती. बापाच्या टेबलावर आम्ही जुनी मंडळी: रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि मी. लेकीच्या टेबलावर नखाएवढी एक काळी चिप. तिला म्हणतात मायक्रोकंट्रोलर. तिला संगणकातून लिहून सांगायचं, की ती सांगितल्यासारखं वागते.

"दिवा लुकलुकवायला तुझ्या चिपला अकरा ओळींचं पत्र लिहावं लागतं," रेडिओवाले म्हणायचे. "माझ्या ट्रान्झिस्टरला सहीसुद्धा येत नाही, तरी लुकलुकवतो."

"बरं बाबा, आता तोच दिवा पाच वेळा लुकलुकून थांबवून दाखवा."

रेडिओवाले संध्याकाळभर कथलाचे डाग देत बसले. आठ भाग वाढले, बोट भाजलं. लेकीने एक ओळ बदलली आणि चहा घेतला.

"चीटिंग आहे ही," बाप म्हणाला.

"चहा की ओळ?"

आतून रेडिओवाल्यांच्या बाई, त्याच वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या, ओरडल्या, "दोघेही पास झालात! आता तो दिवा बंद करा आणि ताटं घ्या!"

मित्रांनो, माझ्या थापा इथे संपल्या. यापुढे एकही नाही.

बाईंना एका सकाळी शिवता शिवता झटका आला. वाचा गेली. अंगही गेलं. उरलं फक्त उजव्या हाताचं एक बोट, सुई धरायचं. डोळे मात्र सगळं बोलत. कान तर इतके तिखट, की स्वयंपाकघरात दूध वर येऊ लागलं की त्यांचे डोळे आधी तिकडे वळत.

रेडिओवाल्यांनी दोन दिवसांत एक पेटी बनवली. बाईंच्या हाताखाली एक लाकडी फळी, फळीला खालून जुन्या अलार्मच्या घड्याळातली पितळी चकती. बाईंनी बोटाने फळीवर टकटक केली की चकतीत इवलीशी वीज उठे, दोन ट्रान्झिस्टर ती मोठी करत आणि घंटा वाजे. ती किती मोठी करायची, हे ठरवणारा मी. इतक्या वर्षांनी मला पुन्हा काम मिळालं. तेही असं काम! पूर्वी मी गाणी वाढवायचो. आता मी एका माणसाची हाक वाढवत होतो.

रोज सकाळी रेडिओवाले पलंगाशेजारी स्टूल ओढून बसत.

"चला बाईसाहेब, मशीन सुरू करा."

बाई टकटक करत. पहिल्यांदा घंटा वाजत नसे. रेडिओवाले मला केसभर उजवीकडे फिरवत. पुन्हा टकटक. पुन्हा केसभर. दहाच्या दहा वेळा घंटा वाजली, की ते म्हणत, "झालं. आजचं माप घेतलं." मग फिरकीच्या टोकासमोर, पेटीच्या पांढऱ्या पत्र्यावर, ते पेन्सिलने एक बारीक रेघ मारत.

दुसऱ्या दिवशीची रेघ त्या रेघेच्या किंचित उजवीकडे पडे. तिसऱ्या दिवशीची आणखी उजवीकडे. मधेच एखादा दिवस चांगला जाई आणि रेघ मागे येई. त्या दिवशी रेडिओवाले स्वयंपाकघरात शीळ घालत. पण महिनाभराचा हिशोब उजवीकडेच जात होता.

त्या रेघा कशाच्या आहेत, हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. रेडिओवाल्यांना आणि मला.

आता माझा गुन्हा सांगतो. मला जितकं जास्त फिरवावं, तितकी पेटी हळवी होई. दार आपटलं तरी घंटा, चमचा पडला तरी घंटा. त्यात माझं वय झालेलं. पोटातला कोळशाचा पट्टा झिजलेला, त्यावर धूळ बसलेली, त्यामुळे मी आपोआप खरखरायचो आणि कुणीही हाक न मारता घंटा वाजायची. दोन थेंब स्पिरिट पोटात सोडलं असतं तर मी बरा झालो असतो. पण त्यासाठी पेटी तासभर बंद ठेवावी लागली असती, आणि रेडिओवाले तिला पाच मिनिटंही बंद ठेवायला तयार नव्हते. ते प्रत्येक घंटेला धावत. एकदा न्हाणीघरातून साबणाच्या पायांनी धावले आणि उंबऱ्यावर घसरून गुडघ्यावर पडले. लंगडत पलंगाशी आले, तर बाई स्वस्थ झोपलेल्या. वाजलो होतो मी.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती सुट्टी काढून आली. बापाचा सुजलेला गुडघा पाहिला, मग पेटी उचलून उजेडात धरली.

"बाबा, या रेघा काय आहेत?"

"रोजचं सेटिंग."

"म्हणजे हे रोज बदलावं लागतं?" तिने रेघांवरून बोट फिरवलं. "बघा की, सगळ्या उजवीकडे सरकतायत. तुमचं सर्किट भरकटतंय बाबा. उन्हाने, दमटपणाने होतं तसं. जुने भाग आहेत."

रेडिओवाल्यांनी तोंड उघडलं. पलंग तीन हातांवर होता. बाई जाग्या होत्या, त्यांचे डोळे या दोघांकडेच लागले होते.

"असेल," रेडिओवाले म्हणाले.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण त्या एका शब्दाएवढी मोठी थाप मला कधी जमली नाही. मी भरकटलो नव्हतो. खरखरत असेन, पण भरकटलो नव्हतो.

लेकीने नवी पेटी बनवायला घेतली. तिची मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे, तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. रविवारी ती आईजवळ बसली. "आई, टकटक कर. चिप शिकणार आहे तुझ्याकडून." लेक बऱ्याच दिवसांनी घरी आलेली, मांडीला मांडी लावून बसलेली. बाईंच्या बोटात कुठून बळ आलं कोण जाणे! पन्नास वेळा टकटक केली आणि प्रत्येक टकटक खणखणीत. मग लेकीने दार आपटून पाहिलं, चमचे पाडून पाहिले. चिपने सगळं आकड्यांत मांडून ठेवलं. त्या आकड्यांमध्ये लेकीने एक रेषा ओढली: चाळीस. चाळीसच्या वर आणि बोटासारखं, तर ती आईची हाक. चाळीसच्या खाली, तर तो घरातला आवाज, सोडून द्यायचा.

नवी पेटी घंटा वाजवायची, शिवाय बापाच्या फोनवरही हाक पाठवायची. चमच्याला फसायची नाही, दाराला फसायची नाही. रेडिओवाल्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"छान आहे ग. याला रोज सकाळी फिरवायला काही नाही का?"

"नाही ना! तीच तर मजा आहे. आता तुम्ही सकाळी निवांत चहा प्या."

ते पुन्हा काही बोलणार होते, असं मला वाटलं. पण लेकीने किती दिवसांनी हसून त्यांच्याकडे पाहिलं होतं.

मला काढून बाईंच्या हाताखालच्या फळीला नवी पेटी जोडली. "असू दे तो तिथंच," रेडिओवाले म्हणाले, म्हणून माझी पेटी पलंगाच्या डोक्याकडच्या लाकडी फळीवर ठेवली गेली. वायर गुंडाळून.

पहिले दिवस फार छान गेले. खोटी घंटा एकदाही नाही. गुडघ्याची सूज उतरली. पहिल्या सकाळी रेडिओवाले सवयीने स्टुलावर येऊन बसले, त्यांचा हात नव्या पेटीवर गेला, गुळगुळीत झाकणावरून फिरला आणि मांडीवर परत आला. चौथ्या सकाळी ते स्टुलावर आले नाहीत. ओट्यापाशी उभं राहून चहा प्यायले. बाईंचे डोळे दाराकडे होते.

बाईंची टकटक आता खोलीत कुणाला ऐकू येत नसे. पण पलंगाचं लाकूड आणि माझी फळी एकच होती, त्यामुळे ती माझ्या दांड्यातून आत यायची. ती दिवसेंदिवस हलकी होत होती. घंटा वाजत होती, पण जेमतेम. मला कळत होतं. सांगायचं कुणाला?

अकराव्या दिवशी दुपारी रेडिओवाले केस कापायला गेले. सात महिन्यांत पहिल्यांदा. जाताना बाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "येतो ग माणसात येऊन. ओळखशील ना मग?" बाईंचे डोळे हसले. लेक मधे नोकरीच्या गावी जाऊन आली होती आणि त्या आठवड्यात इथूनच काम करत होती. ती बाहेरच्या खोलीत होती, दार लोटलेलं, पंखा फिरत होता.

मग टकटक आली.

इतकी हलकी, की कापडावर टाका पडावा तशी. घंटा वाजली नाही. थोडं थांबून पुन्हा आली. घंटा वाजली नाही. मी फळीवर वायर गुंडाळून पडलो होतो. मला कुणी केसभर फिरवलं असतं, मित्रांनो! केसभरच! पण माझ्यात वीज नव्हती आणि मला फिरवणारा हात न्हाव्याच्या खुर्चीत चादरीखाली होता. नंतर ते लेकीला सांगत होते, की त्यांनी फोन आरशासमोर ठेवला होता आणि न्हाव्याला दोनदा थांबवून तो चालू आहे ना, हे पाहिलं होतं. चालू होता.

बाईंना काय हवं होतं, मला माहीत नाही. पाणी, की कूस बदलायची होती, की कुणी नुसतं येऊन बसावं. टकटकीत शब्द नसतात. मधे मधे थांबून त्या हाक मारत राहिल्या. मग थांबण्याची वेळ वाढत गेली. मग नुसतं थांबणं उरलं.

रेडिओवाले ताजी हजामत करून आले ते थेट पलंगाशी. "बघ तरी," म्हणाले. बाईंचं बोट हाताखालच्या फळीवरच होतं.

डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, दुसरा झटका होता, कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. त्या खरं बोलत असतील. 

दोन आठवडे गेले. पेट्या आवरून ठेवायच्या म्हणून लेकीने नवी पेटी संगणकाला जोडली. चिपने सगळी नोंद ठेवली होती. मान्य केलेली हाकही, आणि सोडून दिलेला आवाजही. त्या दुपारची पानं पडद्यावर आली. अडतीस, सोडून दिलं. सदतीस, सोडून दिलं. अडतीस. छत्तीस. छत्तीस. एकतीस. बावीस.

लेकीने ते आकडे पुन्हा वरपासून वाचले. मग उठली, फळीवरून मला उचललं आणि बापासमोर आणून ठेवलं.

"बाबा, मला खरं सांगा. या रेघा कशाच्या आहेत?"

रेडिओवाल्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मागच्या पडद्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"सर्किट भरकटत नव्हतं, पोरी," ते म्हणाले. "सर्किट होतं तिथंच होतं. तीच रोज थोडी थोडी..."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत? मी विचारलं होतं तुम्हाला! तुम्ही 'असेल' म्हणालात."

"ती ऐकत होती ग. तीन हातांवर. तिच्यासमोर कसं म्हणू, की तुझ्या बोटातलं बळ चाललंय?"

"बाहेर नेऊन सांगायचं! फोनवर सांगायचं! एक आकडा बदलायचा होता, बाबा. चाळीसचे तीस. दोन मिनिटांचं काम होतं. आई हाक मारत होती आणि मी... मी भिंतीपलीकडे बसले होते."

"फोनवर म्हणायला गेलो होतो दोनदा. तोंडातून काढलं की ते खरं झालं असतं, असं वाटायचं. नुसती रेघ मारली की काम भागायचं."

लेकीने नवी पेटी उचलली, जमिनीवर आपटायला हात वर नेला. रेडिओवाल्यांनी तिचं मनगट धरलं.

"तिचा काय दोष? तिला जेवढं सांगितलं तेवढं तिने चोख केलं. तुझाही नाही. तुला जेवढं दिसलं त्यावरून तू बनवलीस. दाखवलं नाही ते मी."

ती खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. रेडिओवाले तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. ते रडले नाहीत. आपले आपण नवी पेटी पुसत बसले, जणू तिलाच लागलं होतं.

संध्याकाळी लेकीने डोळे पुसले, पलंगाशेजारचं ते स्टूल ओढून आणलं आणि बापासमोर बसली.

"आता तुमचं सांगा."

"माझं काय? माझं सगळं ठीक आहे."

"बाबा."

"अगं खरंच. गुडघ्याची सूजसुद्धा उतरलीय."

ती उठली नाही.  तशीच बसून राहिली. रेडिओवाल्यांनी पेटी पुसली, पुन्हा पुसली, चष्मा काढला, परत घातला.

"डाव्या डोळ्याने दिसत नाही," शेवटी ते म्हणाले. "चार महिने झाले."

मित्रांनो, मी आता एका डब्यात असतो. पोटातली खरखर तशीच आहे, ती कुणी साफ करावी असा माझा हट्ट नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणासाठी काहीबाही बनवाल. चिप घ्या किंवा आमच्यासारखे जुने भाग घ्या, त्यावरून मी भांडणार नाही. दोघेही सांगितलेलं ऐकतात आणि न सांगितलेलं दोघांनाही कळत नाही. माझं मागणं एवढंच आहे. घरात जे माणूस "सगळं ठीक आहे" म्हणतं, त्याच्याजवळ जाऊन बसा. उत्तर येईपर्यंत उठू नका. आणि उद्या पुन्हा जाऊन बसा, कारण आजचं उत्तर आजच्यापुरतंच असतं.